ड्वार्फ फोर्ट्रेस: प्रेतांचा वेढा प्रत्येक खेपेस मोठा होऊन परत येतो, त्याचे निदान आणि उपाय

लातूर, परभणी, बीड अशा ठिकठिकाणच्या खेळणाऱ्यांकडून ड्वार्फ फोर्ट्रेस या ड्वार्फांची, म्हणजे बुटक्यांची, वसाहत चालवण्याच्या संगणक खेळाबद्दल जी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, तिचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. पहिल्या वेढ्यात मूठभर प्रेते आली आणि ती सहज कापून काढली. दुसऱ्या वेढ्यात काही ड्वार्फ कामी आले, पण दरवाजा टिकला. तिसऱ्या वेढ्यात मात्र आदल्या वर्षी पडलेले आपलेच शिपाई उठून उभे राहिले आणि पाहता पाहता वसाहत ओस पडली. त्यावर विचारला जाणारा प्रश्नही ठरलेला असतो, तो म्हणजे सैन्य किती वाढवावे. माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या टोकाने धरलेला आहे. नेक्रोमॅन्सरच्या, म्हणजे प्रेते उठवणाऱ्या जादूगाराच्या, वेढ्यातली शत्रूची संख्या त्याच्या मनोऱ्यात जितकी ठरते, त्याहून अधिक आपल्या अंगणात काय पडून आहे यावर ठरते, आणि म्हणून या समस्येचा मोठा भाग लढाईनंतरच्या साफसफाईत दडलेला आहे.

पुढील विवेचन 6 डिसेंबर 2022 रोजी स्टीम या खेळविक्रीच्या मंचावर आलेल्या आणि 50 या आकड्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांना धरून केले आहे. नेक्रोमॅन्सर या खेळात 2012 पासून आहेत आणि त्यांची मूळ रीत तीच आहे, त्यामुळे जुनी विनामूल्य आवृत्ती खेळणाऱ्यांनाही मेनूंची रचना वगळता बहुतेक सारे लागू पडेल. 2025 च्या अखेरीस आलेल्या वेढ्यांसंबंधीच्या अद्यतनापासून आक्रमकांना भिंत खोदण्याची क्षमता मिळाली आहे. त्या आवृत्तीवर खेळणाऱ्यांनी खाली भिंतीबद्दल जे म्हटले आहे ते थोडे कमी भरवशाचे समजावे.

आधी निदान

उपायाला हात घालण्यापूर्वी प्रेते नेमकी कशामुळे उठतात हे पाहून घ्यावे, कारण वरवर सारखी दिसणारी दोन दुखणी आहेत. काही प्रदेश मुळातच शापित असतात; वसाहतीची जागा निवडताना ज्यांच्या वर्णनात हॉन्टेड, सिनिस्टर किंवा टेरिफाइंग असे शब्द येतात, त्यांपैकी काही ठिकाणी कोणीही जादूगार नसताना मेलेले आपोआप उठते, अगदी खाटकाने कापायला घेतलेल्या जनावरापर्यंत. दुसऱ्या दुखण्यात जमीन निर्दोष असते, पण टप्प्यात नेक्रोमॅन्सरचा मनोरा असतो, आणि तो जागा निवडण्याच्या पडद्यावर शेजाऱ्यांच्या यादीत टॉवर या नावाने दिसतो. पुष्कळ जण ती यादी न वाचताच पुढे जातात.

फरक ओळखण्याची खात्रीची जागा म्हणजे लढाईचा अहवाल. एखादे प्रेत उठले की खेळ थांबवून तो अहवाल उघडावा आणि ओळी सावकाश वाचाव्यात. प्रेत थरथरले आणि हलू लागले, अशा अर्थाच्या ओळीच्या जवळच कोणीतरी हातवारे केल्याची ओळ असेल, तर तो हातवारे करणारा जिवंत जीव नकाशावर कोठेतरी उभा आहे आणि त्याला शोधणे हे पहिले काम आहे. तशी ओळ कधीच सापडत नसेल आणि आजूबाजूला शत्रू नसतानाही गोदामातली प्रेते उठत असतील, तर दोष जमिनीचा आहे. शापित जमिनीवर एकच उपाय खरा, तो म्हणजे मेलेले काहीही शिल्लक न ठेवणे. त्याची रीत पुढे येते आहे. बाकीचा लेख मुख्यतः मनोऱ्यावरून येणाऱ्या वेढ्याबद्दल आहे.

नेक्रोमॅन्सरला प्रेत उठवण्यासाठी ते डोळ्यांना दिसावे लागते आणि ते त्याच्यापासून फार दूर असून चालत नाही. प्रेत अखंडच असले पाहिजे असेही नाही. डोके किंवा पकड असलेला हात शिल्लक असेल, तर तेवढा तुकडासुद्धा उठतो, आणि म्हणूनच तुटलेला पंजा शिपायाच्या अंगावर झेप घेताना दिसतो. उठलेल्या प्रेताला वेदना होत नाही, भीती वाटत नाही, दम लागत नाही, त्याच्या अंगात वाहायला रक्त नसते आणि त्याला श्वासही घ्यावा लागत नाही. या एका वाक्यात पुढच्या सगळ्या चुकीच्या उपायांची यादी दडलेली आहे. जो उपाय शत्रूला घाबरवून, दमवून, रक्त वाहू देऊन किंवा बुडवून हरवतो, तो येथे निरुपयोगी ठरतो.

यावरून पहिला वेढा सोपा आणि तिसरा अवघड का जातो हे उघड होते. पहिल्या खेपेस नेक्रोमॅन्सर स्वतःबरोबर आणतो तेवढीच प्रेते असतात, पण तो परतला किंवा मेला तरी ती सारी आपल्या दारात पडून राहतात, शिवाय आपले पडलेले ड्वार्फ, त्यांची कुत्री, मध्येच सापडलेले व्यापारी आणि त्यांचे बैल. पुढच्या खेपेस येणाऱ्याला रिकाम्या हाताने आले तरी चालते. कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाट्या उपटल्या नाहीत, फरदड ठेवली, की गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळते आणि मग फवारणीचा खर्च कितीही वाढवला तरी तो पुरत नाही. येथे सैन्य वाढवणे म्हणजे तो फवारणीचा खर्च आहे.

साफसफाई: बाहेरची प्रेते आत का येत नाहीत

वेढा उठल्यावर ड्वार्फ आपणहून बाहेरची प्रेते गोळा करतील अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात कचरा आणि प्रेतांसंबंधी जे स्थायी आदेश असतात, त्यांत उघड्यावरचा कचरा गोळा करावा की दुर्लक्षावा असा एक वेगळा पर्याय आहे, आणि तो सहसा दुर्लक्ष करण्याकडेच असतो. त्याशिवाय मेलेल्या शत्रूचे प्रेत आणि त्याचे सामान आपोआप वर्ज्य ठरवावे की आपल्या मालकीचे समजावे, याबद्दलही निराळे आदेश आहेत. हे दोन्ही पर्याय श्रमांच्या मेनूतल्या स्टँडिंग ऑर्डर्समध्ये जाऊन एकदा पाहावेत. वर्ज्य ठरलेल्या वस्तूला एकही ड्वार्फ हात लावत नाही आणि पडद्यावर मात्र सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते.

तथापि हे आदेश कायमचे मोकळे ठेवणे दुसऱ्या बाजूने घातक आहे. वेढा चालू असताना बाहेर पडलेल्या एका मोज्यासाठी धावत जाणारा ड्वार्फ ही या खेळातली सर्वांत जुनी शोकांतिका आहे. म्हणून नियम असा ठेवावा की वेढ्याची सूचना येताच बाहेरची उचलाउचल बंद करायची, सर्व नागरिकांना आधीच आखून ठेवलेल्या आतल्या बरोमध्ये, म्हणजे ज्याबाहेर त्यांनी जायचे नाही अशा क्षेत्रात, बांधून घ्यायचे, आणि मैदान खरोखर मोकळे झाल्याची खात्री झाल्यावरच आदेश पुन्हा उघडायचे. खरोखर मोकळे हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण नेक्रोमॅन्सर बरेचदा लपून वावरतो आणि शेवटचे प्रेत पडल्यावरही एखाद्या झुडपाआड असू शकतो.

आता प्रेते ठेवायची कोठे, हा प्रश्न. जमिनीखालच्या खोलीत प्रेत कुजले की मायाझ्मा, म्हणजे जांभळा दुर्गंध पसरतो आणि ड्वार्फ अस्वस्थ होतात. उघड्या आभाळाखाली तो होत नाही. या एका कारणामुळे जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू कचऱ्याचा आणि प्रेतांचा स्टॉकपाइल, म्हणजे साठवणीची जागा, मुख्य दरवाजाबाहेर, येण्याजाण्याच्या वाटेला लागून आखतो, आणि तोच नेक्रोमॅन्सरसाठी तयार ठेवलेला शस्त्रसाठा होतो. दुर्गंध टाळण्यासाठी जागा बाहेरची असण्याची गरज नाही, ती आभाळाखाली असण्याची गरज आहे. वसाहतीच्या आतल्या बाजूला, चारी बाजूंनी खडक असेल असा एक चौक वरून खाली खोदत न्यावा, त्याच्या वरच्या कडेने भिंत बांधून घ्यावी आणि आत जाण्याची वाट खालून, भुयारातून ठेवावी. जमिनीवर उभ्या असलेल्या कोणालाही तो चौक दिसत नाही आणि कुजलेल्या वासाचाही त्रास होत नाही.

पण साठवणे हा मधला मुक्काम झाला. शेवट नष्ट करण्यातच आहे. त्यासाठी खेळातले सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे उचलता पूल. उचललेला पूल खाली येतो तेव्हा त्याच्याखाली जे असेल ते सारे नाहीसे होते, हाड किंवा केससुद्धा मागे राहत नाही, आणि खेळाडूंमध्ये या युक्तीला ॲटम स्मॅशर असेच म्हणतात. एका बंद खोलीत लहानसा पूल बांधावा, तो लीव्हरला जोडावा, पूल जेथे टेकतो त्याच जागी डंप, म्हणजे टाकायच्या वस्तूंची जागा, आखावा आणि मैदानातली सारी प्रेते व तुटलेले अवयव एकगठ्ठा निवडून डंपसाठी खुणावावेत. ती सर्व आत आली की लीव्हर ओढायचा. फक्त लीव्हर ओढण्यापूर्वी शेवटची वाहतूक करणारा ड्वार्फ खोलीबाहेर पडला आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे, कारण पूल त्याला ओळखत नाही. ज्यांच्या वसाहतीत मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, हाताशी आहे त्यांनी प्रेते त्यात टाकली तरी तोच परिणाम साधतो, पण नुसत्या साफसफाईसाठी मॅग्मा वर आणण्याचा खटाटोप मला वाजवी वाटत नाही.

आपल्या मेलेल्या ड्वार्फांचे काय, हा प्रश्न येथे रास्त आहे, कारण अंत्यसंस्कार न झालेला ड्वार्फ भूत होऊन त्रास देऊ शकतो. शक्य असेल तेथे त्यांना शवपेटीत ठेवावे, पण शवपेटी म्हणजे संरक्षण नव्हे. नेक्रोमॅन्सर स्मशानाच्या दालनात पोहोचला आणि त्याची नजर पडली, तर पेटीतले प्रेतही उठते. म्हणून दफनाची दालने वसाहतीच्या सर्वांत खोल भागात, वळणांच्या आणि दारांच्या मागे असावीत. ज्याचे प्रेत सापडत नाही, किंवा जे उठल्यावर पुलाखाली चिरडावे लागले, त्याच्या नावाची शिळा कोरून ती उभी केली की तेवढ्याने त्याचा आत्मा शांत होतो. वेढ्यानंतर मृतांची नावे पाहून शिळा लगेच कोरून घ्याव्यात. मैदानात प्रेते पडून राहिली की येणाजाणाऱ्या ड्वार्फांच्या मनावरही त्याचा ताण बसतो, त्यामुळे साफसफाईचा लाभ दुहेरी आहे.

दरवाजा: देवगिरीकडून घेण्यासारखे आणि न घेण्यासारखे

मराठवाड्यातल्या खेळाडूला तटबंदी शिकण्यासाठी पुस्तकाची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरी, म्हणजे दौलताबाद, एकदा डोळसपणे चढून पाहिला तर अर्धा आराखडा तेथेच मिळतो. एकामागून एक येणारे अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट, मुद्दाम वळवलेल्या वाटा, खिळे ठोकलेली दारे, कातळात कोरलेला खंदक आणि त्यावरची अरुंद वाट, आणि त्यानंतरची अंधारी, जिच्यात शत्रूला पुढचे काही दिसतच नाही. यातले वळण आणि अरुंदपणा हे दोन गुण नेक्रोमॅन्सरविरुद्ध जसेच्या तसे उपयोगी पडतात, कारण त्याची सारी शक्ती दिसण्यावर अवलंबून आहे. सरळ बोळात तो मागे सुरक्षित उभा राहून पुढे पडलेले प्रत्येक प्रेत पुन्हा उठवतो. बोळाला काटकोनात वळण दिले की वळणापलीकडे पडलेले प्रेत त्याला दिसत नाही आणि ते पाहण्यासाठी त्याला स्वतःला पुढे यावे लागते. एवढ्या एका बदलाने पुष्कळ वसाहती वाचतात.

खंदकाच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी. परांड्याच्या किल्ल्याभोवतीचा पाण्याचा खंदक जिवंत शत्रूसाठी अडथळा होता. प्रेताला बुडण्याचे भय नाही, त्यामुळे पाण्यावर विसंबू नये. खंदक कोरडा आणि खोल असावा. खेळात चॅनेल, म्हणजे वरून खाली चर, खोदले की तळाशी आपोआप उतरंडी तयार होतात आणि त्या काढल्या नाहीत तर खंदकात पडलेला शत्रू त्यांवरूनच चढून येतो. या उतरंडी वेगळा आदेश देऊन काढाव्या लागतात आणि बहुतेकांचे तेच राहून जाते. अनेक जीव खडबडीत भिंती चढू शकतात, म्हणून नैसर्गिक खडकाच्या भिंती गुळगुळीत करून घ्याव्यात आणि बांधलेल्या तटाच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूस एक घर, म्हणजे नकाशाचा एक चौकोन, पुढे आलेली फरशी टाकावी. तिला डोके लागून चढणारा अडतो. देवगिरीच्या अंधारीच्या शेवटी आग पेटवून धूर कोंडण्याची सोय होती असे सांगतात. तिची नक्कल करून उपयोग नाही, कारण गुदमरायला श्वास लागतो.

प्रत्यक्ष आराखडा असा ठेवावा की वसाहतीला दोन वाटा असतील. एक रुंद वाट व्यापाऱ्यांच्या गाड्यांसाठी. तिची रुंदी किमान तीन घरे लागते आणि तिच्यावर सापळे ठेवून चालत नाही, कारण गाड्या सापळ्यांवरून जात नाहीत आणि मग व्यापारी आलेच नाहीत अशी दुसरी तक्रार सुरू होते. ही वाट वेढ्याच्या वेळी उचलत्या पुलाने बंद होईल. दुसरी वाट एकच घर रुंद, दोनतीन वळणांची आणि केज ट्रॅपने, म्हणजे पिंजऱ्याच्या सापळ्यांनी भरलेली असावी, आणि ती मुद्दाम उघडी ठेवावी. सारी दारे बंद केली तर प्रेते बाहेरच घुटमळत राहतात, घाबरून परत जाण्याचा प्रश्नच येत नाही, आणि वाट शोधत फिरणाऱ्या त्या गर्दीने खेळाचा वेगही मंदावतो. एक वाट उघडी दिसली की ती त्या वाटेने येतात आणि आपण ठरवलेल्या जागी अडकतात.

केज ट्रॅपला मी सर्व सापळ्यांत पहिली पसंती देतो. त्याला एक यंत्र आणि एक पिंजरा एवढेच लागते, त्यात सापडलेले प्रेत अखंड राहते, त्याचे तुकडे होत नाहीत, आणि अन्नपाण्यावाचून ते तसेच पडून राहिले तरी बिघडत नाही. पात्यांचे सापळे दिसायला भारी असतात, पण ते अवयव छाटून बोळभर पसरतात आणि मग नेक्रोमॅन्सरला एकाच्या जागी चार गोष्टी उठवायला मिळतात. शिवाय अडकलेल्या प्रेतांनी ते मध्येच बंदही पडतात. केज ट्रॅपचा एक दोष लक्षात ठेवावा. शत्रू सापडल्यावर भरलेला पिंजरा नेऊन नवा बसवण्याचे काम लगेच निघते, आणि ते करायला ड्वार्फ वेढा चालू असतानाच बोळात शिरतो. म्हणून सापळ्यांच्या बोळाच्या आतल्या टोकालाही एक पूल असावा, तो वेढाभर उचललेला असावा आणि सापळ्यांची संख्या एका वेढ्याला न भरता पुरेल इतकी असावी. आतला पूल उचलला की उघडी वाट बंद होते आणि प्रेते येत नाहीत, असा अनुभव आला तर आतल्या टोकाला पूल न ठेवता शिपायांची तुकडी उभी करावी आणि नागरिकांना बरोने अडवावे.

पुलाच्या बाबतीत वारंवार दिसणारी अडचण म्हणजे तो वेळेवर उचलला जात नाही. कारण बहुतेक वेळा यंत्रात नसून माणसांत असते. लीव्हर ओढणे हेही एक काम आहे आणि ते कोणा ड्वार्फाने येऊन करावे लागते. लीव्हर तळघरात एका कोपऱ्यात असेल, तर नेमलेला ड्वार्फ जेवून, झोपून, पाच जिने उतरून येईपर्यंत शत्रू आत असतो. ओढल्यानंतरही पूल लगेच हलत नाही, खेळाच्या घड्याळाचे 100 ठोके जातात. एकदा खेळ थांबवून हे दृश्य टप्प्याटप्प्याने पाहावे: लीव्हर ओढल्याचा क्षण, दाराशी आलेले पहिले प्रेत, आणि त्या शंभर ठोक्यांत त्याने कापलेली घरे. म्हणजे पूल किती आधी उचलायचा याचा अंदाज कायमचा येतो. लीव्हर भोजनगृहात किंवा दारूच्या कोठाराजवळ ठेवावा, कारण तेथे कोणी ना कोणी असतेच. प्रत्येक जोडणीला दोन यंत्रे लागतात, एक लीव्हरकडे आणि एक पुलाकडे. ती वेगवेगळ्या रंगांच्या दगडांची घेऊन लीव्हरही वेगवेगळ्या दगडांचे बांधले, तर घाईत चुकीचा लीव्हर ओढण्याचा धोका उरत नाही.

हत्यार आणि निशाणा

कुऱ्हाड आणि तलवार जिवंत शत्रूसाठी उत्तम आहेत. प्रेताचा हात तोडला तर त्याला रक्तस्राव होत नाही, वेदनेने ते कोसळत नाही, आणि तोडलेला हात ही नेक्रोमॅन्सरची नवी भरती ठरते. भाल्याने आणि क्रॉसबोच्या बाणांनी भोके पडतात, त्यांचा प्रेतावर फारसा परिणाम नाही. प्रेत कायमचे संपवायचे तर ते ठेचले पाहिजे, आणि त्यासाठी वॉर हॅमर, म्हणजे लढाऊ हातोडा, व गदा ही हत्यारे. येथे धातूची निवड नेहमीपेक्षा उलटी पडते: ठेचण्यासाठी धार लागत नाही, वजन लागते, आणि खेळात चांदीची घनता 10490 तर पोलादाची 7850 धरलेली आहे, त्यामुळे दागिन्यांसाठी राखून ठेवलेली चांदी वॉर हॅमरसाठी पोलादापेक्षा सरस ठरते. ॲडमँटाइन हा खेळातला अत्यंत मौल्यवान धातू अगदी हलका असल्याने या कामी जवळजवळ निकामी आहे. पोलाद चिलखतासाठी वापरावे.

आपले शिपाई दमतात, प्रेते दमत नाहीत, हे गणित मैदानातल्या लांब लढाईत नेहमी आपल्या विरुद्ध जाते. एकच तुकडी शेवटपर्यंत लढवण्यापेक्षा बोळाच्या तोंडाशी आळीपाळीने दोन तुकड्या उभ्या कराव्यात, आणि पाठलागाचा आदेश देऊ नये.

क्रॉसबोवाल्यांना निराळे काम आहे. नेक्रोमॅन्सर स्वतः जिवंत असतो, त्याला वय चढत नसले तरी बाण लागतो, रक्त वाहते आणि तो मरतो. बोळाच्या वळणावर, जेथे त्याला पुढे यावे लागते, त्या जागेवर रोखलेली तटावरची झरोक्यांची खोली बांधावी आणि तो दिसताच त्याच्यावरच हल्ल्याचा स्पष्ट आदेश द्यावा. आदेश न दिल्यास सारे बाण समोरच्या प्रेतांवर वाया जातात. तो मेला म्हणून उठलेली प्रेते खाली पडत नाहीत, पण पडलेले पुन्हा उठणे थांबते आणि त्यानंतर लढाई मोजता येण्यासारखी होते. झरोक्यांच्या खोलीला छप्पर असावे आणि तिचा जिना केवळ आतून असावा. बाण संपलेला क्रॉसबोवाला तोच क्रॉसबो काठीसारखा उगारून शत्रूवर धावून जातो, आणि बाहेर पडायला वाट असेल तर ती तो शोधतोच.

शिधा, पाहुणे आणि इतर किरकोळ बाबी

दार बंद करून बसायचे असेल तर कोठार आधी तपासावे. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला तेव्हा धान्याची म्हणून गडावर घेतलेली पोती मिठाची निघाली आणि रामचंद्रदेव यादवाला तह करावा लागला, असे सांगितले जाते. खेळातल्या कोठाराची यादीही तशीच फसवते, कारण बियाणे आणि कच्चा, न शिजवता न खाता येणारा माल मिळून आकडा मोठा दिसतो. जमिनीखालची शेती, आतली विहीर आणि ऋतूभर पुरेल एवढी दारू असली की पुरे.

आतून येणारा धोका मात्र किरकोळ नाही. वेढा नसताना, दार न मोडता, मधुशाळेत किंवा ग्रंथालयात प्रेत उठले असेल, तर पाहुण्यांकडे पाहावे. नेक्रोमॅन्सर साध्या प्रवाशाच्या वेशात येऊन राहू शकतो आणि भांडण पेटले, एखादे प्रेत पडले, की त्याचे खरे रूप कळते. शक्य तितक्या लवकर मधुशाळा आणि ग्रंथालय फक्त रहिवाशांपुरते मर्यादित करावे, आणि स्मशान, खाटीकखाना व प्रेतांचा चौक यांपासून ती दालने भिंतींनी तोडावीत. वेढ्यातून हाती आलेली पुस्तके ग्रंथालयात जाऊ देण्यापूर्वी त्यांचा विषय वाचावा. जीवन आणि मृत्यूच्या रहस्याचा ग्रंथ वाचून आपलाच विद्वान नेक्रोमॅन्सर होतो, आणि त्याने वसाहतीच्या बाजूने उठवलेली प्रेतेसुद्धा इतर ड्वार्फांना आपले मानतीलच असे नाही. 2020 च्या जानेवारीतल्या आवृत्तीपासून काही नेक्रोमॅन्सर बुद्धी शाबूत असलेले मृत सरदारही घडवतात. असा सरदार झुंडीसारखा वागत नाही, आणि तो दिसला तर नेक्रोमॅन्सरच्या खालोखाल त्याच्यावर निशाणा धरावा.

उन्हाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि हा खेळ आपणहून क्षणोक्षणी साठवला जात नाही. सेटिंगमध्ये स्वयंचलित साठवण ऋतूगणिक ठेवावी, आणि वेढ्याची सूचना आली की खेळ थांबवून स्वतंत्र नावाने एक प्रत साठवावी, म्हणजे कोणता उपाय चालला आणि कोणता नाही हे त्याच वेढ्यावर पुन्हा पडताळून पाहता येते. जुन्या लॅपटॉपवर वेढ्यात खेळ फार मंद होत असेल, तर दाराबाहेर घुटमळणारी गर्दी सापळ्यांच्या वाटेने आत घेऊन संपवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

ज्यांना हे सारे नकोच आहे, त्यांनी नवे जग घडवताना प्रगत पर्यायांत रहस्यांच्या प्रकारांची संख्या शून्य ठेवावी, म्हणजे त्या जगात नेक्रोमॅन्सर घडत नाहीत. आधीच घडलेल्या जगात हा बदल लागू होत नाही. तेथे शत्रूंची तीव्रता कमी करणाऱ्या अडचणीच्या सेटिंगवर भागवावे लागेल, आणि दारातली प्रेते तरीही उचलावी लागतील.